शेवटाआधी उठणारी माणसं

आधीच सांगून ठेवते, मला सिनेमातलं कळतं असा माझा मुळीच दावा नाही. मला सिनेमाबद्दल मतं आहेत, आणि ती कोणी विचारली नाहीत तरी मी देते. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मी त्याच्या नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढवते, एक डोळा झाकते, भिंगं बदलत विचारते, "आता बरं दिसतंय की मघाशी?" आणि नेमकं तेव्हाच काउंटरपाशी उभं असलेलं कोणीतरी म्हणतं, "ताई, तो नवीन पिक्चर कसा आहे हो?" झालं! मग माझ्या तोंडाची टकळी काही थांबत नाही. खुर्चीतला बिचारा एका डोळ्यानं भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत ताटकळतो.

या वर्षात मी शुक्रवार सहसा सोडला नाही. दुपारी दुकान बंद करायचं, जिना चढून वर घरी यायचं आणि टीव्हीवर आठवड्यातला नवा सिनेमा लावायचा. बघणारे आम्ही दोघं, मी आणि बाबा. मी लग्नाच्या भानगडीत कधी पडले नाही, त्यामुळे रिमोटवरून भांडायला तिसरं कोणी नाही.

तर ऐका. तो लढाईचा सिनेमा, ज्याची एवढी हवा झाली, तो बघू नका. तीन तास नुसती कापाकापी. नायकाचे दंड बघावेत की गोष्ट बघावी, असा प्रश्न मला पडला होता, पण गोष्टच सापडेना म्हणून दंड बघितले. ढोल इतके वाजवलेत की खालच्या मजल्यावर दुकानात ठेवलेल्या काचा थरथरल्या असतील. दुसरा तो खुनाच्या तपासाचा. तो बरा आहे म्हणतात. असेल बाई! मला काही दिसलंच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत अंधार, अंधारात एक माणूस दुसऱ्याला काहीतरी दाखवतोय. तो आल्यापासून माझ्याकडे लोक नंबर तपासायला यायला लागले. मी सांगते, "अहो, तुमचा नंबर होता तेवढाच आहे, त्या दिग्दर्शकानं विजेचं बिल वाचवलंय." आणि ती प्रेमकथा, ज्यात दोघं फोनवर एकमेकांना लिहितात आणि ते सगळं पडद्यावर उमटतं? मी सिनेमा बघायला बसले होते, वाचायला नाही. आमच्या वेळी नायक निदान समोर येऊन अडखळायचा.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यांचे शेवट कसे होते? ते मला माहीत नाही. एकाचाही नाही. सिनेमा संपायला थोडासा अवकाश उरला की मी बटण दाबते आणि टीव्ही थांबवते. हसू नका. आमच्या घरात सिनेमा असाच बघतात.

त्याचं कारण किल्ली. आम्ही लहान असताना आमच्या घराला कुलूप एक होतं आणि त्याला किल्लीही एकच होती. दुसरी माझ्या धाकट्या भावानं गटारात टाकली होती, ती बुडते की तरंगते ते बघायला. बुडाली. आई मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिला शुक्रवारची रात्रपाळी असली की संध्याकाळी ती एकटी घरी झोप काढायची आणि बाबा आम्हा दोघांना घेऊन सिनेमाला जायचे, म्हणजे घरात दंगा नको. झोपून उठून, डबा भरून, घराला कुलूप लावून आई निघायची. तिची बस थिएटरच्या समोरच्या स्टॉपवर बदलायची. तिथे दुसरी बस यायच्या आत तिला गाठून किल्ली घ्यायला हवी, नाहीतर आम्ही रात्रभर दारात! आणि तिची बस यायची सिनेमा संपायच्या जरा आधी. म्हणून आम्ही कायम शेवटाआधी उठायचो. पडद्यावर नायिका कड्याच्या टोकाशी उभी असायची, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असायचं, आणि आम्ही तिघं लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात बाहेर. मी मागे वळून वळून बघत चालायचे. एकदा त्या नादात मी खांबावर आपटले, त्याची खूण अजून भुवईत आहे.

बाबा लिफ्टा दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या चाव्या त्यांच्या कमरेला लटकलेल्या असत, पण घरची दुसरी किल्ली करून आणायला त्यांना कधी सवड झाली नाही. आई त्यावरून कधी बोलली, तर म्हणायचे, "करतो, करतो." आता मला वाटतं, त्यांना ती करायचीच नव्हती.

कारण स्टॉपवर खरी मजा असायची. आई डब्याची पिशवी पोटाशी धरून उभी असायची, पांढरा गणवेश, त्यावर जुना स्वेटर. बाबा रस्ता ओलांडता ओलांडताच सुरू करायचे. "अगं, आज काय झालं माहितेय का, तो जो मोठा भाऊ आहे ना..." आई नुसतं म्हणायची, "मग?" तिच्या त्या "मग?"वर बाबा पेटायचे. नायक व्हायचे, खलनायक व्हायचे, फुटपाथवर पडून मरूनसुद्धा दाखवायचे. लोक बघायचे, आम्हाला लाज वाटायची, पण आम्हीही कान टवकारून ऐकायचो. कारण शेवट आम्हालाही ठाऊक नसायचा. तो बाबा तिथे, त्या दिव्याखाली, उभ्या उभ्या तयार करायचे. कड्यावरची नायिका परत फिरायची आणि खाली चहाची टपरी टाकायची. गोळी लागलेला पोलीस डोक्याला पट्टी बांधून बहिणीच्या लग्नाला हजर व्हायचा. मग बस यायची, आई किल्ली बाबांच्या हातात ठेवायची, आणि पायरीवरूनच म्हणायची, "छान होता हो आजचा."

यापायी मी शाळेत मारामारी केली आहे. वर्गातली एक पोरगी म्हणाली, नायक शेवटी मरतो. मी म्हटलं, मरत नाही, रेल्वेत नोकरीला लागतो. ती म्हणाली, तू वेडी आहेस. मी तिची वेणी धरली. अख्खा वर्ग तिच्या बाजूनं, मी एकटी रडत घरी. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांनी घाईत पाहिला असेल." बघा! आम्ही उठून पळणारे, आणि घाई म्हणे त्यांची!

आई त्या गोष्टी वॉर्डात पेशंटांना सांगायची. झोप न येणाऱ्यांना, टाके दुखणाऱ्यांना. एकदा एक पेशंट बरा होऊन घरी गेला, बायकोला घेऊन तोच सिनेमा बघून आला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत वॉर्डात हजर. "सिस्टर, तुम्ही तर सांगितलंत दोघं भेटतात! माझी बायको रात्रभर रडतेय!" आईनं तापमापक झटकत उत्तर दिलं, "तुम्ही गेलात त्या दिवशी नसतील भेटले." घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा पडला, चोरी पकडली गेल्यासारखा. पण पुढच्या शुक्रवारी स्टॉपवर तिनंच विचारलं, "हं, आज काय झालं? मग?"

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. आजारपण नाही, काही नाही. सकाळी केस विंचरत बसली होती, आणि गेली.

मी बाबांना माझ्याकडे घेऊन आले. आले तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. विचारलं तर "हो", "नाही", "राहू दे". जेवायला वाढावं तर दोन घास खाऊन ताट सरकवतात. शर्टाचं बटण चुकलेलं असलं तर तसंच दिवसभर. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "शरीर ठणठणीत आहे. त्यांना कशात रसच उरला नाही, त्याला माझ्याकडे गोळी नाही." मी रात्री उठून उठून त्यांच्या खोलीत जायचे आणि पांघरूण वरखाली होतंय ना ते बघून यायचे. दिवसा दुकान, स्वयंपाक, त्यांचं औषधपाणी. एकदा मी एका गिऱ्हाइकाचं उजवं भिंग डाव्या बाजूला बसवून दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सिनेमाची युक्ती मला त्यातूनच सुचली. म्हटलं, पूर्वीसारखं बघू. शेवटाआधी थांबवू. बाबा शेवट सांगतील, आपोआप सांगतील, त्यांना राहवणारच नाही. पण कसलं काय! मी टीव्ही थांबवायचे, त्यांच्याकडे आशेनं बघायचे, आणि ते म्हणायचे, "झालं? बरं. पडतो जरा." लढाईला तेच, खुनाला तेच, प्रेमालाही तेच. मी इरेला पेटले. दर शुक्रवारी नवा सिनेमा, दर शुक्रवारी तेच पालथ्या घड्यावर पाणी.

धाकट्याचा फोन यायचा. तो दुसऱ्या शहरात असतो, बोलतो मऊ, पण मुद्दा सोडत नाही. "ताई, त्यांना शेवट तरी बघू दे गं. काय तो पोरखेळ?" मग हळूच खरी गोष्ट. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगलं निवासस्थान आहे, बाग आहे, डॉक्टर आहे, बाबांच्या वयाची माणसं आहेत. "तुझ्याशी ते बोलत नाहीत, माझ्याशी बोलत नाहीत, निदान तिथे कोणाशी बोलतील. आणि तुझा आवाज ऐक जरा, किती थकलीयेस. मी महिनाअखेरीला येतो न्यायला." मी म्हटलं, "माझ्या आवाजाला काही झालेलं नाही!" आणि फोन आपटला. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर माझं टाळकं जास्त सणकलं. बाबा गेले असते तर ते घर मला खायला उठलं असतं. पण इथे राहूनही ते रोज थोडे थोडे कमी होत होते, ते मला दिसत होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी एक संथ सिनेमा लावला. एक गवंडी पडकी भिंत बांधतो, बस्स. सगळे म्हणतात कंटाळवाणा. मी म्हणते, या वर्षात बघण्यासारखा तोच. तो माणूस एक एक दगड उचलून दोन्ही बाजूंनी बघतो, मगच ठेवतो. भिंत जवळजवळ पुरी होत आली आणि मी थांबवलं. बाबांकडे बघितलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात टेकला, उठायला.

माझा बांध फुटला. "बाबा, सांगा ना! एक शेवट सांगायला काय जातं तुमचं? आईला रस्त्यात उभं राहून सांगायचात, मला घरात बसून सांगवत नाही? मी कोणी नाही का?"

ते उठता उठता थांबले. रागावले नव्हते. कितीतरी दिवसांनी ते एक पूर्ण वाक्य बोलले.

"तुला काय सांगू? तू होतीस की इथेच."

आणि आत जाऊन पडले. मी मनात म्हटलं, हे काय उत्तर झालं? भांडी घासताना त्या दिवशी दोन कप फोडले.

उत्तर कळलं ते दुकानात. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका माझे जुने गिऱ्हाईक. नवा चष्मा न्यायला आले. मी कापडानं काचा पुसून त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो लावला आणि माझ्याकडे बघून उत्साहानं म्हणाले, "ताई, काल तो खुनाचा पिक्चर पाहिला हो. काय सांगू तुम्हाला, सुरुवातीलाच तो माणूस..."

"पाहिलाय," मी म्हटलं.

"अच्छा, पाहिलात होय." त्यांचा चेहरा एकदम विझला. "मग राहू द्या." चष्मा बरोबर बसलाय का, जवळचं वाचता येतंय का, काही न बघता ते चष्म्याचं घर खिशात घालून निघून गेले. मी कापड हातात धरून तशीच उभी. घरी त्यांना कोण असेल ऐकायला, कोणास ठाऊक. माझा एक शब्द, आणि माणसाचं तोंड बंद. आणि हेच मी दर शुक्रवारी बाबांच्या शेजारी बसून करत होते. जो सिनेमा मी त्यांच्या बरोबरीनं पाहिला तो ते मला सांगतील कसे? ज्यानं पाहिला नाही त्याला सांगायचा असतो. आईनं जन्मात एक शुक्रवार आमच्याबरोबर थिएटरात काढला नव्हता. मी आणि धाकटा आपले फुकट ऐकणारे. माझी अक्कल काय शेण खायला गेली होती?

आता दैव बघा. पुढच्या शुक्रवारी नेमका तो होडीचा सिनेमा येणार होता. ज्या बाईनं तो काढलाय तिचं मी एकूण एक काम पाहिलेलं आहे. जाहिरात बघूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एक मुलगी आपल्या म्हाताऱ्या बापाला होडीत घालून नदीनं कुठेतरी घेऊन निघालीये, एवढंच मला माहीत. दोन महिने मी गिऱ्हाइकांना सांगत होते, थांबा, खरा सिनेमा यायचाय अजून. न बघता सोडायला दुसरा कुठलाही सिनेमा लावता आला असता. पण मला वाटलं, जे मला नको आहे ते सोडून काय उपयोग? बाबांना ते लगेच कळलं असतं. लहानपणापासून मला खोटं बोलता आलेलं नाही.

मी सिनेमा लावला, सुरुवातीचं पाणी दिसायला लागलं, आणि उठले. "बाबा, तुम्ही बघा. माझं दुकानात काम अडलंय. एकाच्या काचा घासून द्यायच्यात."

"आज? हाच तर तुला बघायचा होता ना?"

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं! मी चपला घातल्या. "हो, पण काय करणार. तुम्ही बघून सांगा मला, कसा आहे तो."

खाली येऊन मी दुकानाचं शटर आतून अर्धं ओढून घेतलं आणि स्टुलावर बसले. काचा घासण्याचं काम होतंही, पण हात चालेना. छतातून आवाज झिरपत होता. पाणी. लाकडाचं करकरणं. एकदा कोणीतरी मोठ्यानं हसलं, ते सिनेमातलं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ते सगळ्यात वाईट, कारण चांगल्या सिनेमात शांतता असते तेव्हाच खरं काहीतरी घडत असतं. मला इतकं वाटत होतं, धावत वर जावं, दाराच्या फटीतून बघावं. मी फ्रेमचे स्क्रू डबीत ओतले, पुन्हा बाहेर काढले. सिनेमाच्या वेडापायी मी आयुष्यात कामं टाळली, पाहुणे टाळले, एकदा लग्नाचं स्थळही टाळलं. कामासाठी सिनेमा टाळला असं कधी झालं नव्हतं.

आवाज थांबल्यावर वर गेले. टीव्ही बंद होता. त्यांनी शेवट पाहिला होता की आधीच बंद केला होता, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. चपला काढल्या आणि अगदी सहज म्हटलं, "काय, कसा होता?"

"बरा."

झालं. मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मनाशी म्हटलं, बाई, हरलीस. महिनाअखेरीला धाकटा येईल, बाबांची पिशवी भरून ठेव. चहा घेऊन बाहेर आले, त्यांचा कप त्यांच्याजवळ ठेवला आणि सोफ्यावर बसले.

"त्या मुलीला होडी चालवता येत नाही," बाबा म्हणाले.

मी हलले नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. मग अगदी आईसारखं, मला तसं जमेल असं वाटलं नव्हतं, पण निघालं तोंडातून, "मग?"

"मग काय! ती एकाच हाताला जोर लावते, होडी तिथल्या तिथे गोल. काठावरची माणसं हसतात. म्हातारा आत बसलाय घोंगडी पांघरून, गप्प. त्याला सगळं येतं, आयुष्य नदीवर काढलंय, पण सांगत नाही. हट्टी आहे बेटा." बाबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. दोन्ही हातांनी वल्ही धरली. शर्टाच्या बाह्या वर गेल्या. आणि सुरू! वाटेत पूर आला, पुलाखाली होडी अडकली. "दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते ना, तश्शी! ना वर ना खाली." एक लबाड दुकानदार आला, त्याचा आवाज बाबांनी नाकातून काढला. एक कुत्रं होडीत चढलं. मी हसले, ते रागावले, "हसू नकोस, पुढे ते कुत्रंच कामाला येतं." चहावर साय धरली. बाहेर उजेड कमी झाला तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही.

मध्येच ते थांबले. मला वाटलं, संपलं. पण ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझी आई दुसऱ्या बाजूनं यायची ना स्टॉपवर, तिची चाल मी लांबूनच बघायचो. आदल्या रात्री वॉर्डात कोणी गेलं असलं की ते तिच्या पायात दिसायचं. त्या दिवशी सिनेमात मी कोणाला मरू दिलं नाही." मग जरा हसले. "मजेत असली की मारायचो एखाद-दुसरा."

"तिला कळायचं?"

"न कळायला काय झालं? नर्स होती ती."

मी पदरानं, म्हणजे ओढणीच्या टोकानं, नाक पुसलं. "बरं, पण त्या मुलीचं काय झालं? होडी पोचली का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघते तसं, घाई न करता. त्या उन्हाळ्यापासून मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"सांगतो," ते म्हणाले. "शेवटी काय होतं, नदी एकदम रुंद होते. काठ दिसत नाही कुठला. पोरीचे हात सोलपटलेत, डोळ्यांखाली काळं आलंय, पण थांबत नाही. कोणी म्हणेल बापाला बुडवलं, म्हणून थांबत नाही. आणि तेव्हा तो म्हातारा घोंगडी बाजूला काढतो. उठतो. तिच्या हातातून वल्ही घेतो. म्हणतो, अगं, मला काय धाड भरलीये? सरक. तू झोप जरा."

"मग?"

"मग ती झोपते."

"आणि? कुठे पोचतात?"

"ते नाही दाखवत. ती झोपते, संपला सिनेमा. तिला झोपच हवी होती."

मला काय झालं कोणास ठाऊक. मी मोठ्यानं रडले. लहान पोरीसारखी, तोंड लपवायचंही सुचलं नाही. आई गेली तेव्हापासून मी रडले नव्हते, वेळच नव्हता. बाबा म्हणाले, "रडतेस काय? चांगला आहे की शेवट." मी म्हटलं, "चांगला आहे हो, फार चांगला आहे." आणि तिथेच सोफ्यावर कधी आडवी झाले, कधी डोळा लागला, मला कळलं नाही.

जाग आली ती बोलण्यानं. शेजारच्या खोलीत बाबा फोनवर होते. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे धाकट्याचंही सगळं ऐकू येत होतं.

"...आणि मागून दुसरी होडी येते," बाबा सांगत होते. "इंजिनाची. त्यात तिचा भाऊ."

सिनेमात भाऊ कधी आला? मी डोळे उघडले.

"भाऊ म्हणतो, बाबा, माझ्या होडीत या. ऊन लागत नाही, गादी आहे, डॉक्टरसुद्धा आहे. चांगला मुलगा आहे तो, मनापासून म्हणतो. पण म्हातारा म्हणतो, अरे, मला आत्ता कुठे वल्ही मिळाली आहेत हातात. जरा मारू दे की."

मग धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी लहानपणीचा झाला होता, "मग? भाऊ काय करतो?"

"तो होय? तो दोरी टाकतो. आपली होडी ह्यांच्या होडीला बांधतो आणि येऊन बसतो मधूनमधून. जमेल तसं. बाप त्याला पुढचं पुढचं सांगत राहतो."

"बरं," धाकटा म्हणाला. "येतो बाबा. जमेल तसं येतो."

तुम्ही दुकानात याल आणि विचाराल, ताई, तो होडीचा पिक्चर कसा आहे? तर मी तो पाहिलेला नाही, पाहणारही नाही. गेल्या आठवड्यात एक बाई चष्मा करायला आल्या आणि त्याचा खरा शेवट सांगायला लागल्या. मी त्यांना सरळ खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि सांगितलं, बाई, तुम्ही आधी भिंतीवरची अक्षरं वाचा.